पटकथा वाचताना : प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी पटकथालेखनाच्या एका कार्यशाळेत एका मुलीनं वहीतलं एक दृश्य वाचून दाखवलं. आत, स्वयंपाकघर, पहाट. आई दुधाचं पातेलं गॅसवर ठेवते. दूध वर येतं, उतू जातं. आई बघत राहते. दृश्य एवढंच होतं.

वाचून झाल्यावर वर्गात कुणी काही बोलेना. मग एकदम सगळेच बोलायला लागले. एकाला जळक्या दुधाचा वास आला होता. एकीच्या मते आईला गॅस बंद करायचाच नव्हता, तर दुसरीच्या मते तिला समोरचं दूध दिसतच नव्हतं. कुणीतरी विचारलं, कॅमेरा कुठे आहे? मुलगी म्हणाली, ते मी लिहिलेलं नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "हे तू वाचलंस ते घडलेलं आहे, की कुणीतरी घडवायचं आहे? ही गोष्ट आहे की सूचना?"

मी तिथं शिकवायला गेलो होतो आणि त्या प्रश्नाला माझ्याजवळ धड उत्तर नव्हतं. हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं.

पटकथेचं वाक्य जरा कान देऊन ऐकावं. कथाकार लिहितो, 'आईनं पातेलं गॅसवर ठेवलं.' घडून गेलंय, तो सांगतोय, आपण ऐकतोय. पटकथेत मात्र 'ठेवते'. हा साधा वर्तमानकाळ मराठीत आपण एरवी सवयी सांगायला वापरतो, 'आई रोज पाचला उठते' असा. पटकथेतलं 'ठेवते' सवयीचं नव्हे. इथं आई नाही, गॅस नाही, दूध नाही, तरी वाक्य ठामपणे म्हणतं की हे आत्ता तुमच्या डोळ्यांसमोर चाललं आहे. त्याच वाक्यात अभिनेत्रीसाठी, कलादिग्दर्शकासाठी, ध्वनिमुद्रकासाठी, दर टेकनंतर शेगडी पुसून नवं दूध आणणाऱ्या स्पॉटदादासाठीसुद्धा एकेक काम ठेवलेलं असतं. म्हणजे वर्णनाच्या वेषात आलेली ती आज्ञा असते.

वाक्याच्या या दुहेरी स्वभावाचा विचार आपल्याकडे पूर्वमीमांसेनं फार बारकाईनं केला आहे. वेदातलं कोणतं वाक्य विधी, म्हणजे काही करायला सांगणारं, आणि कोणतं अर्थवाद, म्हणजे वर्णन किंवा स्तुती करणारं, हे ठरवण्यात मीमांसकांनी शतकं घालवली. वर्णनाला प्रामाण्य मिळतं ते विधीशी जोडलं गेल्यामुळे, असं त्यांचं म्हणणं. ही चौकट पटकथेला लावली की गंमत दिसते, कारण पटकथेत हे दोन सुटे करताच येत नाहीत. 'दूध उतू जातं' हा विधीही आहे आणि अर्थवादही. विधी म्हणून त्याचं काम चित्रीकरण आटोपलं की संपतं. वर्णन म्हणून ते वाक्य संपत नाही, वहीत उघडलं की पुन्हा दूध वर येतं. पटकथेची कला या न संपणाऱ्या भागात आहे असं मला वाटतं, आणि हे पुस्तक त्याच बाजूनं उभं आहे.

सगळे असं मानत नाहीत. मानत नाहीत त्यांचा युक्तिवाद भक्कम आहे आणि तो आधी नीट समजून घ्यायला हवा.

चित्रपटाच्या अगदी सुरुवातीच्या काळात, मिनिटभराच्या फिती काढल्या जात तेव्हा, कागदाची फारशी गरज नव्हती. लांबी वाढली, पैसा वाढला, तसा कागद आला. त्याला कायद्यानं ओळखायला सुरुवात केली ती एका भांडणातून. १९०७ मध्ये कालेम कंपनीनं 'बेन-हर' या कादंबरीवर परवानगी न घेता एक रिळाचा चित्रपट काढला. त्याचा आराखडा जीन गाँटियर या अभिनेत्री-लेखिकेनं लिहिला होता. प्रकाशकांनी दावा लावला आणि १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल कंपनीच्या विरोधात दिला. तिथून पुढे गोष्टीचे हक्क विकत घेणं भाग पडलं आणि नव्या मूळ कथांची मागणी वाढली. लवकरच टॉमस इन्सच्या स्टुडिओत प्रत्येक शॉट, जागा, वेशभूषा, खर्च यांचा हिशेब मांडणारी तपशीलवार पटकथा रूढ झाली. लेखकानं कागदावर चित्रपट पुरा करायचा आणि दिग्दर्शकानं तो बरहुकूम उतरवायचा. पटकथा ही इमारतीची ब्लूप्रिंट, ही उपमा इथली आहे. ती कारखान्याच्या गरजेतून आली, आणि शंभर वर्षं झाली तरी आपण ती कलेच्या चर्चेत वापरतो.

१९१६ मध्ये ह्यूगो मुन्स्टरबर्ग या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञानं चित्रपट ही स्वतंत्र कला आहे असं मांडणारं पुस्तक लिहिलं. चित्रपटाची बाजू इतक्या तळमळीनं घेणाऱ्या त्या माणसानंच पटकथेला मात्र अपुरं ठरवलं. नाटक लिहून झालं की साहित्य म्हणून पुरं होतं, पटकथेला पुरेपण दिग्दर्शकाच्या हातून येतं, असं त्याचं मत होतं. पुढच्या बहुतेक सगळ्या वादाचं बीज या एका तुलनेत आहे.

तो वाद सर्वांत तावातावानं झाला सोव्हिएत रशियात. एका बाजूला शॉटगणिक आकडे घातलेली 'लोखंडी पटकथा' होती. दुसऱ्या बाजूला 'भावनिक पटकथा', म्हणजे तांत्रिक सूचना टाळून प्रेक्षकाला जे वाटायला हवं ते दिग्दर्शकाच्या मनात पेटवणारा मजकूर. आयझेन्स्टाइननं १९२९ मध्ये या दुसऱ्या बाजूनं लिहिलं. अलेक्सांद्र र्झेशेव्स्की हा त्या पद्धतीचा प्रमुख लेखक, पण त्याच्या पटकथेवरून पुदोवकिननं केलेला चित्रपट फसला, आणि आयझेन्स्टाइननं त्याच्याच पटकथेवरून घेतलेला 'बेझिन मेडो' १९३७ मध्ये वरून आदेश येऊन बंद पडला. लोखंडी बाजू जिंकली ती राज्यसत्तेच्या सोयीनं, कारण आकडे घातलेला कागद आधी तपासता येतो. पटकथेच्या रूपाचा प्रश्न सेन्सॉरशी किती जवळून बांधलेला असतो हे इथं दिसतं.

हंगेरीच्या बेला बलाझनं पटकथा हा नवा साहित्यप्रकार आहे असं स्पष्ट म्हटलं. तो स्वतः पटकथा लिहीत असे, त्यामुळे त्याच्या बोलण्याला हातानं काम केलेल्या माणसाचं वजन आहे. पण या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो पाझोलिनी. कवी, कादंबरीकार, फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'च्या संवादांवर काम केलेला आणि मग स्वतः दिग्दर्शक झालेला हा माणूस. १९६५ च्या एका निबंधात त्यानं पटकथेला दुसरी रचना होऊ पाहणारी रचना मानलं. तिचा शब्द एकाच वेळी दोन दिशांना बोट दाखवतो, अर्थाकडे आणि अजून न घडलेल्या चित्राकडे, म्हणून तिच्या वाचकाला निम्मं काम स्वतः करावं लागतं. कार्यशाळेत ज्याला जळक्या दुधाचा वास आला, तो पोरगा पाझोलिनीचा वाचक होता. दृश्यात वासाचा एक शब्दही नव्हता.

याच्या बरोबर उलट वारा फ्रान्समधून आला. जानेवारी १९५४ मध्ये 'काइए द्यु सिनेमा'त त्र्युफोनं फ्रेंच चित्रपटातल्या पटकथाकारशाहीवर हल्ला चढवला. ऑरांश आणि बोस्त ही लेखकांची जोडी त्याच्या मुख्य माऱ्यात होती. त्या लेखानं पुढे दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता हा विचार जगभर नेला आणि पटकथाकार दोन पिढ्या मागच्या रांगेत गेला. पण तो लेख पुन्हा वाचताना एक गोष्ट नजरेत भरते. त्र्युफोच्या हातातला एक मोठा पुरावा म्हणजे कधीच चित्रित न झालेली पटकथा होती. बेर्नानोसच्या कादंबरीचं ऑरांशनं केलेलं रूपांतर त्यानं मिळवून वाचलं आणि त्याच कादंबरीवरच्या ब्रेसाँच्या १९५१ च्या चित्रपटाशी ताडून पाहिलं. त्याला ती पटकथा वाईट वाटली, पण वाईट म्हणण्यासाठी त्यानं ती एक पुरी कृती म्हणूनच वाचली. पटकथेला दुय्यम करणारा तो लेख पटकथावाचनाचा उत्तम नमुना आहे.

अमेरिकेत पॉलीन केलनं १९७१ मध्ये 'सिटिझन केन'चं श्रेय हर्मन मॅंकिविझ या लेखकाकडे ओढलं. पुढच्या संशोधकांनी तिचं बरंच म्हणणं खोडून काढलं आणि ते योग्यच झालं. रिचर्ड कॉर्लिसनं १९७४ मध्ये पटकथाकारांना केंद्रस्थानी ठेवून हॉलिवूडचा इतिहास मांडला. हे सगळे श्रेयाचे वाद आहेत. कोणी केलं हे ते विचारतात, काय केलं हे फारसं विचारत नाहीत. पाठोपाठ १९७९ मध्ये सिड फील्डचं पुस्तक आलं आणि तीन अंक, ठरावीक पानांवर येणारी वळणं, एक पान म्हणजे एक मिनिट, हे गणित जगभरच्या वर्गांत पोचलं. या मार्गदर्शकांचा उपयोग मी नाकारत नाही. पण त्यांनी पटकथेचा प्रश्न 'ती काय आहे' इथून 'ती विकली कशी जाईल' इथं आणून ठेवला.

'काय केलं' हा प्रश्न काटेकोरपणे विचारला तो गेल्या काही वर्षांत विश्लेषक परंपरेतल्या तत्त्वज्ञांनी. नोएल कॅरल यांचा युक्तिवाद मराठी उदाहरणानं सांगता येईल. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये रंगभूमीवर आलं. ते नाटक उद्या सोलापूरच्या हौशी मंडळींनी बसवलं तरी ते 'घाशीराम'च असेल आणि त्यांचा प्रयोग हा त्या कृतीचा एक अर्थ लावणं असेल. नाटकात संहिता ही एक कृती आणि प्रयोग ही दुसरी. 'सामना'चं तसं नाही. तीच पटकथा घेऊन कुणी पुन्हा चित्रण केलं तर तो 'सामना'चा प्रयोग होणार नाही, वेगळा चित्रपट होईल. मूळ 'सामना' थिएटरात दाखवताना कुणी काही सादर करत नाही, फक्त फीत चालते. म्हणून कॅरल म्हणतात की पटकथा ही चित्रपटाच्या घडणीतली एक सामग्री आहे, स्वतंत्र कलाकृती नाही. टेड नॅनिचेली यांनी २०१३ च्या आपल्या पुस्तकात याला उत्तर दिलं. पटकथा चित्रपटाचा घटक आहे एवढ्यावरून ती स्वतः कलाकृती नाही असं सिद्ध होत नाही, आणि निव्वळ वाचली जावी म्हणून लिहिलेल्या पटकथाही आता आहेतच. स्टीव्हन मारास यांनी आणखी खोलातली अडचण दाखवली की इथं अभ्यासाची वस्तू कोणती हेच धड हाती लागत नाही. पहिला खर्डा, शूटिंगची प्रत, की चित्रपटावरून नंतर उतरवून छापलेलं पुस्तक?

हा प्रश्न मुंबईत आणला की आणखी अवघड होतो, आणि मला वाटतं अधिक खराही होतो. पाश्चात्त्य सिद्धान्त पटकथा हा लिखित कागद आहे हे धरून चालतो. आपल्याकडे पटकथा आधी ऐकवली जाते. 'नॅरेशन' या शब्दात केवढं तरी शास्त्र आहे. निर्मात्यासमोर किंवा नटासमोर लेखक दोन तास बसतो, सगळी पात्रं स्वतः होतो, पार्श्वसंगीतसुद्धा तोंडानं देतो, कुठे थांबायचं ते समोरच्याच्या चेहऱ्यावरून ठरवतो. कीर्तनकाराला उत्तररंगात आख्यान लावताना पाहिलेल्या माणसाला हे अनोळखी वाटणार नाही. पिंगुळीचे चित्रकथी चित्रं एकामागून एक समोर धरत आणि गोष्ट गाऊन सांगत. तिथं चित्र ठरलेलं आणि शब्द वाहता. नॅरेशनमध्ये शब्द असतात आणि चित्र ऐकणाऱ्यानं स्वतः काढायचं असतं. पट या शब्दाशी आपली ओळख पडद्याच्या आधीची आहे. सत्यजित राय यांच्या लाल कापडी बांधणीच्या खेरोर खाता, म्हणजे बंगाली दुकानदाराच्या जमाखर्चाच्या वह्या, पाहिल्या तर तिथंही लेखन, रेखाटनं, पोशाख, संगीत सगळं एकत्र नांदतं. यातली पटकथा नेमकी कुठून सुरू होते? कागद हे पटकथेचं एक रूप आहे, एकमेव नाही, असं मी म्हणेन. तरी जे कागदावर आहे त्याचं वाचन व्हायलाच हवं.

आपल्या श्रेयनामावलीत 'कथा, पटकथा, संवाद' असे तीन भाग असतात. या विभागणीनं मराठी वाचकाच्या हाती एक दुर्मीळ साधन दिलं आहे आणि ते दिलं आहे तेंडुलकरांनी. विजय तेंडुलकर म्हणजे संवादांचे धनी, 'शांतता! कोर्ट चालू आहे'पासून हे सर्वमान्य. पण 'मंथन', 'आक्रोश' आणि 'अर्धसत्य' या त्यांच्या तिन्ही पटकथांचे हिंदी संवाद त्यांचे नाहीत. अनुक्रमे कैफी आझमी, सत्यदेव दुबे आणि वसंत देव यांचे ते आहेत. 'मंथन'च्या पटकथेला तर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग तेंडुलकरांनी लिहिलं काय? संवाद बाजूला काढल्यावर जे उरतं ती पटकथा, आणि ते उरलेलं इथं वेगळं करून पाहता येतं.

'आक्रोश' घ्या. १९८० चा चित्रपट. लहान्या भिकू हा आदिवासी बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली कोठडीत आहे. त्याच्या बाजूनं लढणारा तरुण वकील त्याला पुन्हा पुन्हा विचारतो आणि तो बोलत नाही. जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर नायक गप्प आहे. भोवताली कोर्ट, क्लब, सरकारी वकील, पुढारी, सगळे बोलतायत. बोलणं हे या जगात सत्ता असलेल्यांचं काम आहे, ही गोष्ट पटकथेनं कुणाच्याही तोंडी न घालता नुसत्या रचनेतून उभी केली आहे. बापाला अग्नी द्यायला म्हणून लहान्याला बाहेर आणतात, तिथं तो कुऱ्हाड उचलून बहिणीचा जीव घेतो आणि मग त्याच्या घशातून आवाज फुटतो. ओम पुरींचा चेहरा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, हे त्यांचं त्यांचं. पण माणसाला दोन तास गप्प ठेवायचं आणि त्या गप्पपणाचा प्रत्येक दृश्यात अर्थ वाढवत न्यायचा, हे लेखन आहे. संवादांवर इतकी हुकमत असलेल्या लेखकानं ते करावं याला माझ्या लेखी फार मोल आहे.

असं असून मराठीनं आपल्या पटकथा वाचल्या नाहीत. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' दर पिढी नव्यानं वाचते. त्यांनीच लिहिलेला १९४१ चा 'शेजारी' लोक पाहतात, त्याची पटकथा वाचलेला माणूस मला भेटलेला नाही. 'गीतरामायण' घराघरांत आहे, पण गदिमांनी चित्रपटांसाठी केलेलं लेखन त्यांच्या साहित्याच्या चर्चेत ओझरतं येतं. 'संत तुकाराम' लिहिणारे शिवराम वाशीकर तर नावापुरतेच उरले. नाटकाच्या संहिता आपण छापतो, अभ्यासक्रमाला लावतो. पटकथा रद्दीत जाते. एका जुन्या निर्मितीसंस्थेत मी एका चित्रपटाची शूटिंगची प्रत मागायला गेलो, तर कार्यालय हलवताना कागद वजनावर दिले असं उत्तर मिळालं. सांगणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पटकथा ही निव्वळ सामग्री असेल तर काम झाल्यावर ती टाकायचीच असते. सिद्धान्त असा वखारीपर्यंत पोचतो.

म्हणूनच मे २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं दिलेला निकाल मला महत्त्वाचा वाटतो. राय यांच्या १९६६ च्या 'नायक' या चित्रपटाच्या पटकथेवरून इंग्रजी कादंबरी निघाली, तेव्हा निर्मात्याच्या वारसांनी पटकथेवर हक्क सांगितला. पटकथा ही चित्रपटाहून वेगळी साहित्यकृती आहे आणि तिचे पहिले हक्कदार लेखक म्हणून राय हेच, असं न्यायालयानं म्हटलं. कॅरल आणि नॅनिचेली यांच्यातल्या वादाचाच हा एक निवाडा आहे, कायद्याच्या भाषेत झालेला.

त्याच महिन्यात अमेरिकेतल्या पटकथाकारांचा संप सुरू झाला आणि तो १४८ दिवस चालला. मागण्या मोबदल्याच्या होत्या, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्याही. यंत्रानं तयार केलेला मजकूर हे लेखन मानायचं नाही, हे त्यांनी करारात घालून घेतलं. प्रश्न आपल्याही दाराशी आहे, आणि पुन्हा मीमांसकांकडे नेतो. वेद अपौरुषेय आहेत, विधीला कर्ता लागत नाही, असं ते म्हणत. नैयायिकांनी ते मान्य केलं नाही. वाक्य आहे तर कुणीतरी बोलणारा हवा, आणि त्या बोलणाऱ्याच्या भरवशावरच वाक्याचा भरवसा, असा त्यांचा आग्रह. आज यंत्र 'आई दुधाचं पातेलं गॅसवर ठेवते' हे वाक्य बिनचूक मांडणीत देऊ शकेल. मी नैयायिकांच्या बाजूचा आहे. दूध उतू जावं असं कुणाला तरी वाटलं, म्हणून मी त्या आईकडे बघत राहतो.

या पुस्तकाला पटकथा कशी लिहावी हे सांगायचं नाही. पटकथा कशी वाचावी हे आम्हाला शोधायचं होतं. म्हणून वर आलेले सिद्धान्त इथं मराठी आणि भारतीय पटकथांवर घासून पाहिले आहेत, आणि जिथं ते अपुरे पडले तिथं तसं म्हटलं आहे. काळ, आज्ञा, मौन, श्रेय आणि मौखिकता हे पाच धागे लेखांमधून फिरत राहतात. लेखकांचं एकमेकांशी पटलेलं नाही. एकाला पटकथा साहित्य म्हणवून घेण्यात तिचं नुकसान दिसतं, आणि त्याचा लेख मी मुद्दाम सुरुवातीला ठेवला आहे, कारण तो वाचून माझी दोन मतं बदलली. तत्त्वज्ञानाची पूर्वतयारी वाचकाकडून अपेक्षित नाही. चित्रपट पाहून घरी येताना त्यावर भांडण्याची सवय असली की पुरे.

शेवटी एक पटकथा संपूर्ण छापली आहे. कार्यशाळेतल्या त्या मुलीचीच, तिच्या परवानगीनं. चित्रपट झालेला नाही. मांडणी तिनं जुन्या मुंबई पद्धतीची ठेवली आहे, पानाच्या डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद. दुधाचं दृश्य चौदावं आहे. तिथं उजवीकडचा रकाना कोरा आहे, आणि छपाईत तो तसाच राहील याची आम्ही काळजी घेतली आहे.